सतरा नंबरची ओळ

खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची आणि दसरा उलटला की ती पुन्हा कामाला जुंपायची, ही आपल्याकडची रीत. सायखेडा रस्त्यावरच्या शेखर बोरस्ते यांच्या पॅकहाऊसमध्ये ती दरवर्षी पाळतात, यंदाही पाळली. फक्त यंदा दसऱ्यानंतर डाळिंबं वजनावर निवडणारं मशीन कामाला लागलं ते डोकं फिरल्यासारखं. दहा मिनिटं सगळं सुतासारखं सरळ चालायचं, मग मध्येच तीस-चाळीस फळं भलत्याच कप्प्यात पडायची, अडीचशे ग्रॅमचं दोनशेच्यात, दोनशेचं दीडशेच्यात, आणि मग आपण काही केलंच नाही अशा थाटात मशीन पुन्हा सरळ. सदानकदा चुकणारा माणूस एक वेळ परवडतो, त्याच्यावर लक्ष तरी ठेवता येतं. अधूनमधून चुकणारा परवडत नाही.

शेखररावांनी आठ दिवस कळ काढली. दिवाळीचा माल तोंडावर आला तेव्हा मात्र त्यांनी मशीन बनवणाऱ्या जुन्या मालकाचा नंबर शोधला. तो अंबडचा लहानसा कारखाना कधीच बंद झाला होता, मालक म्हातारे होऊन मुलाकडे राहायला गेले होते. त्यांनी दुसरा एक नंबर दिला. तो हर्षालीचा होता.

हर्षाली पाथर्डी फाट्याला राहते, घरबसल्या एका परदेशी कंपनीचं काम करते, आणि दिवसभरात ज्या माणसांशी बोलते त्यातल्या एकालाही तिने कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. दहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, ती त्या अंबडच्या कारखान्यात होती. मशीनमधला कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा. कॉम्प्युटरमध्ये खोचलेली मशीनची पट्टी, म्हणजे कार्ड, काय म्हणतंय ते लिनक्सला समजावून सांगणारा एक दुभाषा लागतो, त्याला या धंद्यात ड्रायव्हर म्हणतात. तो ड्रायव्हर हर्षालीने लिहिला होता.

"मॅडम, मशीनमधलं डोकं तुमचं हाय म्हनले जुने मालक," शेखरराव फोनवर म्हणाले. "दहा वर्सं लय ग्वाड चाललं बघा. आता बिघडलंय."

आपण बाविशीतून नुकतंच बाहेर पडताना लिहिलेली गोष्ट दहा वर्षं रोज सकाळी उठून कामाला जाते आहे, हे ऐकून हर्षालीला इतकं बरं वाटलं की शेवटचं वाक्य तिने, त्यांनी दुसऱ्यांदा सांगितल्यावर, ऐकलं. शनिवारी सकाळी डबा, लॅपटॉप आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ती निघाली. ओढा गावाच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागांच्या छाटण्या चालल्या होत्या. आज कुणाशीही कानाला हेडफोन न लावता बोलायचं आहे या कल्पनेनेच तिला सुट्टी लागल्यासारखं वाटत होतं.

शेखरराव दारातच उभे होते. पन्नाशी ओलांडलेला, मोकळेपणाने बोलणारा आणि तितक्याच लवकर तापणारा माणूस. चहा-पाण्याचं विचारून झाल्यावर त्यांनी मुद्द्यालाच हात घातला.

"दोष काय ते सापडल्यालं हाय, मॅडम. तुमी फक्त दुरुस्त करून द्या. हा बघा दोष." आणि त्यांनी बोट दाखवलं ते मशीनकडे नाही, मशीनपासून चार हात लांब हात बांधून उभ्या असलेल्या एका माणसाकडे.

तो वसीम. मशीन आलं त्या दिवसापासून त्याचा ऑपरेटर. मशीनला वंगण, बेल्ट, सफाई सगळं तोच बघायचा, आणि सायखेड्यात वसीम नावाची चार माणसं असल्यामुळे त्याला गावात मशीनवाला वसीम म्हणत. खंडेनवमीला झेंडूच्या माळा आणण्यापासून मशीन धुऊनपुसून लख्ख करण्यापर्यंत सगळी धावपळ त्याची असे. पूजा कुसाबाई करत, त्या इथल्या सगळ्यात जुन्या कामगार. उत्साह दोघांत कुणाला जास्त हे सांगणं अवघड होतं. यंदा त्या उत्साहात वसीमने कॉम्प्युटरची पेटी उघडली, आतली दोन्ही कार्डं उपसून काढली, त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले, फुंकर मारली आणि कार्डं परत बसवली. मग कुसाबाईंनी पेटीवर हळदकुंकू वाहिलं.

"तीन वर्सं त्या पेटीचं झाकन कुनी काढलं नवतं," शेखरराव म्हणाले. "ह्यानं काढलं, आन दसरा उलटताच मशीन येडं झालं. आता तुमीच सांगा. मी काय त्याला कामावरून काढत नाय. पर मशीनला हात नाय लावायचा. सोमवारी पिंपळगावचा मानूस येतोय मशीनवर. हा थंडघरात खोकी रचंल."

आठ दिवस हेच ऐकून वसीमच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं पांढरेपण आलं होतं. हर्षालीला त्याची दया आली, पण खरं सांगायचं तर तिलाही तेव्हा वाटलं की याचंच काहीतरी चुकलं असणार. दहा वर्षं चाललेली गोष्ट झाकण उघडल्यावर बिघडली, तर झाकण उघडणाऱ्याकडे कुणीही बघणारच.

ती पेटीजवळ बसली तेव्हा कुसाबाई हळूच जवळ आल्या. "ताई, माझं कुंकू आत सांडलं का वो?"

"नाही मावशी. एक कणही नाही."

"खरं?"

"खरं. इतकी स्वच्छ कार्डं मी कारखान्यातही पाहिली नव्हती." हे मात्र तिने वसीमला ऐकू जाईल असं म्हटलं. कुसाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या हलक्या होऊन आपल्या जागेवर गेल्या.

मशीन तसं साधं होतं. लांबलचक साखळीला एकशे वीस वाट्या. प्रत्येक वाटीत एक डाळिंब. एका ठिकाणी त्याचं वजन होतं, मग वाटी पुढे सरकत पाच कप्प्यांवरून जाते आणि ज्या कप्प्याचं फळ असेल तिथे उलटी होते. कोणती वाटी आता कुठे आहे हे कॉम्प्युटरला दिसत नाही. तो फक्त मोजतो. एक वाटी साखळीशेजारच्या इलेक्ट्रॉनिक डोळ्यासमोरून गेली की मशीनचं कार्ड त्याला हाक मारतं, तो हातातलं काम सोडून एक आकडा वाढवतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. एकशे वीसपैकी एक वाटी लाल रंगाची होती. ती आली की मोजणी पुन्हा एकपासून सुरू.

दुसरं कार्ड छपाईचं. तीन वर्षांपूर्वी परदेशात माल जायला लागला तेव्हा ते बसवलं. खोक्यांची एक थप्पी रचून झाली की मंगलाबाई बटण दाबायची आणि थप्पीवर चिकटवायची चिठ्ठी किरकिरत बाहेर यायची.

हर्षालीने मशीन लावायला सांगितलं. पहिली दहा मिनिटं एक फळ चुकलं नाही. शेखरराव अस्वस्थ झाले, डॉक्टरकडे नेल्यावर मुलाचा ताप उतरावा तसे. मग अचानक तिसऱ्या कप्प्यात एक लिंबाएवढं डाळिंब पडलं, पाठोपाठ एक नारळाएवढं, आणि कुसाबाईंचे हात दोन्हीकडे धावायला लागले. मिनिटाभराने सगळं शांत.

"चिठ्ठी निघाली की चुकतं, ताई," कुसाबाई फळं निवडता निवडता म्हणाल्या. "मग लाल वाटी आली का गुमान सरळ व्हतं."

हर्षाली वळली. "हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मला कोन इचारतंय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हा असा. आठ दिवस पॅकहाऊसमधली सगळी शहाणी माणसं पेटीभोवती गोळा झाली होती, आणि उत्तर तिसऱ्या कप्प्यापाशी फळं निवडत बसलं होतं. हर्षालीने मंगलाबाईला वीस मिनिटं बटणाला हात लावू नका म्हणून सांगितलं. वीस मिनिटं मशीन शहाण्यासारखं चाललं. मग तिने लागोपाठ चार चिठ्ठ्या काढायला लावल्या आणि कप्प्यांत नुसता गोंधळ माजला.

तिने लॅपटॉप बाजूला ठेवून मशीनच्याच कॉम्प्युटरवर एक यादी उघडली. कोणत्या कार्डाची हाक कोणत्या ओळीवरून येते याची नोंद लिनक्स स्वतःच ठेवतं. सतरा नंबरच्या ओळीपुढे दोन नावं होती. एक छपाईच्या कार्डाचं. दुसरं 'डाळिंब'. ते नाव दहा वर्षांपूर्वी तिनेच ठेवलं होतं.

म्हणजे कार्डांच्या खोबण्या बदलल्या होत्या. खोबण्या तीन, कार्डं दोन. वसीमने घासूनपुसून ती परत लावताना पूर्वी कोणतं कुठे होतं हे पाहिलं नव्हतं, आणि आता दोघांची हाक एकाच ओळीवरून येत होती. शेखरराव खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांना इंग्रजी आकड्यांतलं काही कळलं नाही, पण हर्षालीची मान जशी पुढे झुकली त्यावरून काहीतरी सापडलं एवढं कळलं.

"म्हंजे ह्यानं कार्ड चुकीच्या जागी घुसवलं, आसंच ना?"

हर्षाली हो म्हणणारच होती. तेवढ्यात दाराजवळच्या क्रेटमध्ये फोन वाजला.

परदेशात माल जातो त्या पॅकहाऊसमध्ये कामाच्या जागी फोन चालत नाही, म्हणून सगळ्या बायकांचे फोन दाराजवळच्या एका क्रेटमध्ये ठेवलेले असत. बाराही फोन सायखेड्याच्या एकाच दुकानातले, बाराही एकाच सुरात वाजणारे. वाजला की ज्या बाईला सवड असेल ती येऊन बघायची आणि आपला नसेल तर खाली ठेवून जायची. अपवाद एकट्या मंगलाबाईचा. ती क्रेटच्या शेजारीच असायची, आणि वाजेल तो फोन न बघता उचलून 'हां, बोला' म्हणायची. नुसतं म्हणून थांबायची नाही, समोरच्याचं ऐकून उत्तरंही द्यायची. गेल्याच आठवड्यात तिने कुसाबाईंच्या जावयाला 'या की, जेवायलाच या' असं सांगून टाकलं होतं, आणि कुसाबाईंना ते कळलं जावई दारात उभे राहिल्यावर.

आताही तिने तेच केलं. "हां, बोला. बरं. बरं. आनते की येताना," आणि फोन ठेवून ती पुन्हा खोक्यांकडे वळली. "कुनाचा व्हता गं?" कुणीतरी विचारलं. "काय ठाऊक," मंगलाबाई म्हणाली. "कोथिंबीर आनायची."

सगळ्या बायका हसल्या. हर्षालीही हसली, आणि हसता हसता पुन्हा पडद्याकडे वळली.

कारण एका ओळीवर दोन कार्डं असणं हा मुळी गुन्हाच नाही. लिनक्समध्ये ते सर्रास चालतं. नियम एकच असतो. हाक आली की त्या ओळीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरने आधी आपल्या कार्डाला विचारायचं, बाबा रे, हाक तू मारलीस का? हो म्हणालं तर काम करायचं, नाही म्हणालं तर 'माझी नाही' एवढं लिनक्सला सांगून गप्प बसायचं. छपाईच्या कार्डाचा ड्रायव्हर ते नेमाने करत असणार, तो जगभर वापरला जातो. आणि आपला?

मशीनच्या कॉम्प्युटरवरच एका कोपऱ्यात तिच्या ड्रायव्हरचा जुना मजकूर पडून होता. तिने तो उघडला. सगळ्यात वर तिचं नाव, खाली एप्रिल २०१५. ओळ वाटून घ्यायला आपली तयारी आहे, असं तिने लिनक्सला मोठ्या ऐटीत लिहून दिलं होतं. आणि प्रत्यक्ष हाक आल्यावर काय करायचं तिथे दोनच ओळी होत्या. आकडा एकाने वाढव. माझीच हाक, काम झालं, असं सांग. विचारणं नाही, पाहणं नाही. शेजारी तिने स्वतःसाठी एक टीपही लिहून ठेवली होती, की या पेटीत दुसरं कार्ड कधी नसेलच, त्यामुळे तपासायची गरज नाही.

म्हणजे चिठ्ठी निघाली की छपाईचं कार्ड दोन-तीन हाका मारायचं, आणि हर्षालीचा ड्रायव्हर त्या आपल्याच समजून दोन-तीन वाट्या जास्त मोजायचा. मोजणी पुढे पळायची, वाट्या मागे राहायच्या, आणि लाल वाटी येईपर्यंत शेजारणीचं फळ आपल्या कप्प्यात पडायचं. नंतर आलेलं छपाईचं कार्ड निव्वळ नशिबाने वेगळ्या ओळीवर बसलं होतं, म्हणून तीन वर्षं हे झाकून राहिलं. वसीमने फक्त ते उघडं पाडलं होतं.

हर्षालीला मनापासून लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ एक सोयीस्कर विचारही आला, तो लपवण्यात अर्थ नाही. कार्डं जुन्या जागी बसवली की दहा मिनिटांत काम होत होतं. दिवाळीचा माल सुटला असता, शेखररावांनी आशीर्वाद दिले असते, आणि हे दोन ओळींचं गुपित तिच्याशिवाय कुणाला कधी कळलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती उगीच नाही.

"मॅडम?" शेखरराव म्हणाले.

"आधी चहा घेऊ," हर्षाली म्हणाली.

चहाचा पेला घेऊन ती शेडच्या मागे गेली. तिथे वसीम रिकामी क्रेट्स धूत होता. मशीन बंद असताना नुसतं बसणं त्याला जमत नव्हतं. तिला पाहून त्याने नळ बंद केला.

"मॅडम, मला थोडं समजलं," तो म्हणाला. "दोन्ही कार्डं एकाच लायनीवर आली ना? जागा बदलली म्हणून."

"हो."

"मग जुन्या जागी बसवून टाका. भाऊंना सांगा वसीमची गलती होती. मला चालंल." त्याने हात पुसले. "मशीन सुरू व्हायला पायजे. बाया तासाभरात फळं हातानं निवडून थकतात. कुसामावशीचे खांदे धरलेत आठ दिवसांत."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी खोकी रचीन." त्याने धुतलेलं क्रेट उचलून बाजूला ठेवलं. "घरी अजून सांगितलं नाही. सकीना, बायको माझी, विचारते, आज मशीन कसं चाललं. मी सांगतो, मस्त."

त्याचं हे शेवटचं वाक्य हर्षालीला फार लागलं. चहा अर्धा तसाच टाकून ती आत गेली, आणि वसीमला बरोबर घेऊन गेली.

"शेखरभाऊ, मघाशी तुम्ही विचारलं ना," ती म्हणाली. साखळी थांबलेली होती, त्यामुळे बायकांनाही सगळं ऐकू जात होतं. "कार्ड चुकीच्या जागी नाही. त्या पेटीत चुकीची जागा अशी नाहीच. कुठलंही कार्ड कुठेही बसवलं तरी मशीन नीट चालायला हवं. ते चालत नाही, कारण दहा वर्षांपूर्वी मी लिहिताना चूक केली. चूक माझी आहे."

शेखररावांना हे पटकन गिळता येईना. "आन मग दहा वर्सं चाललं कसं?"

"नशिबाने."

"मला नाय समजलं."

हर्षालीने क्रेटकडे पाहिलं. "बारा फोन, सूर एक. वाजला की काय करायचं असतं?"

"बघायचं कुनाचा हाय," शेखरराव म्हणाले.

"आणि मंगलाबाई काय करतात?"

सगळं पॅकहाऊस हसलं. मंगलाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. कुसाबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "जावयाला जेवाया बोलिवते."

"माझा ड्रायव्हर मंगलाबाईसारखा आहे," हर्षाली म्हणाली. "वाजेल तो फोन उचलतो. क्रेटमध्ये एकच फोन होता तोवर चालून गेलं. वसीमने फक्त दुसरा फोन त्याच्या शेजारी ठेवला."

शेखरराव हनुवटी खाजवू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की काय, अशी शंका आलेल्या माणसाचा चेहरा झाला होता त्यांचा. पण शंका आली म्हणून लगेच कबूल करणाऱ्यांतले ते नव्हते. "आधी चालवून दाखवा," ते म्हणाले.

दुरुस्ती चार ओळींची होती. कार्डाला विचार, हाक तुझी का. नसेल तर 'माझी नाही' म्हणून परत जा. असेल तरच मोज. इतक्या माणसांच्या नजरा पाठीवर असताना चार ओळीसुद्धा चाळीस होतात, आणि हर्षालीने घाईत अट उलटी लिहिली. आपली हाक असेल तर नाही म्हण, नसेल तर मोज. तिने ड्रायव्हर चढवला, साखळी सुरू करायला सांगितली, पहिली वाटी डोळ्यासमोरून गेली आणि मशीनची मोजणी जागच्या जागी ठप्प झाली. छपाईही ठप्प. पडद्यावर लिनक्सचा एक निरोप उमटला.

"काय लिव्हलंय?" शेखररावांचा आवाज चढला.

हर्षालीने वाचलं आणि तिला हसूच फुटलं. "सतरा नंबरच्या ओळीची कुणालाच पर्वा नाही, असं लिहिलंय."

"म्हंजे?"

"कार्ड हाका मारत राहिलं. छपाईवाला म्हणाला माझी नाही, आणि माझ्यावालाही म्हणाला माझी नाही. डोळ्याचं पातं लवेपर्यंत लाखभर हाका झाल्या. शेवटी लिनक्सने वैतागून ती ओळच बंद करून टाकली." तिने चूक दुरुस्त करायला घेतली होती. "ही पण माझीच चूक आहे. आत्ताची."

वसीम पहिल्यांदा हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा, असं कुसाबाईंनी नंतर सांगितलं. दुसऱ्याची चूक बघून हसणं चांगलं नाही म्हणतात, पण आठ दिवस एकट्याने चूक वाहिलेल्या माणसाला तेवढी मुभा असावी.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. या वेळी हर्षालीने अट दोनदा वाचली, मग वसीमला मोठ्याने वाचून दाखवली. त्याला त्यातलं अर्धंच कळलं, पण वाचणारीला आपली चूक ऐकू यावी यासाठी समोर ऐकणारा लागतो, आणि तो कान देऊन ऐकत होता. साखळी सुरू झाली. डाळिंबं वाट्यांत बसून डुलत निघाली. मंगलाबाईने बटण दाबलं, चिठ्ठी किरकिरली, आणि तिसऱ्या कप्प्यात तिसऱ्या कप्प्याचीच फळं पडत राहिली. हर्षालीने लागोपाठ दहा चिठ्ठ्या काढायला लावल्या. कुसाबाईंनी बाजूच्या काट्यावर एकेक फळ टाकून पाहिलं. एकही चुकलं नव्हतं.

"झालं," शेखरराव म्हणाले. "आता त्या पेटीचं झाकन लावा आन वरून कुलूप घाला."

"अजून नाही," हर्षाली म्हणाली. "वसीम, मशीन बंद कर. कार्डं काढ."

वसीमने शेखररावांकडे पाहिलं. शेखररावांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वसीम पेटीपाशी बसला. त्याची बोटं जाड, कातडी क्रेट धुऊन सुजलेली, पण कार्डाला त्याने हात लावला तो लहान बाळाला लावावा तसा. दोन्ही कार्डं बाहेर आली.

"आता कुठेही बसव," हर्षाली म्हणाली. "तुझ्या मनाला येईल तिथे. मला सांगूसुद्धा नकोस."

ती पाठ करून उभी राहिली. मागे कार्ड खोबणीत बसल्याचा खट्ट आवाज आला, मग थोड्या वेळाने दुसरा. थोड्या वेळाने, कारण वसीमने तिथे बराच विचार केला. मशीन सुरू झालं, चिठ्ठ्या निघाल्या, फळं आपापल्या कप्प्यात गेली. हर्षालीने पुन्हा बदलायला लावली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा बदलताना त्याच्या हातातला संकोच गेला होता आणि बायकाही बघायचं सोडून आपल्या कामाला लागल्या होत्या. तिसऱ्यांदाही एकही फळ चुकलं नाही.

हर्षालीला त्या क्षणी जे वाटलं ते तिला परदेशी कंपनीच्या कुठल्याच कामात कधी वाटलं नव्हतं. आपण केलेली वस्तू समोर नीट चालताना दिसते आहे, तिच्या भोवतीची माणसं दिसत आहेत, आणि झालेली चूक सांगून टाकल्यावर आभाळ काही कोसळलेलं नाही. तिला चक्क भूक लागली.

शेखरराव मशीनच्या टोकाला जाऊन उभे होते. त्यांनी खिशातून फोन काढला, नियम धाब्यावर बसवून तिथेच लावला आणि पिंपळगावच्या माणसाला सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असावं. "कारन काय न्हाय," ते म्हणाले. "मानूस हाय माझ्याकडं." मग ते कप्प्यांच्या मधोमध आले आणि त्यांनी घसा खाकरला. बायकांनी हात थांबवले.

"आठ दिवस ह्याला समद्यांच्या देखत बोललो मी," ते म्हणाले. "ते माझं चुकलं. ह्याचं काय चुकलं नवतं. समद्यांच्या देखत बोललो म्हनून समद्यांच्या देखत सांगतो."

एवढं बोलून ते थकल्यासारखे दिसले. कुसाबाईंनी डोळ्याला पदर लावला. वसीम पेटीवर वाकून झाकणाचे स्क्रू एकेक करून पिळत होता, शेवटचा स्क्रू बसला तरी पिळतच होता, आणि त्याला मान वर करायला वेळ लागला.

"भाऊ," तो म्हणाला, आवाज जमेल तेवढा नेहमीसारखा ठेवत, "सटाण्याचा माल आलाय, मग चालू करू का?"

"आता हे मला काय इचारतो," शेखरराव म्हणाले. "मशीन तुझं हाय. कर चालू."